जरा स्वतःविषयी सांगा

हिंदी भाषिक मंडळी नोकरीच्या मुलाखतीला 'साक्षात्कार' म्हणतात. हा शब्द प्रथम वाचला तेव्हा मला हसू आवरेना. आपल्याकडे साक्षात्कार व्हायचा तो डोंगरावर एकांतात बसलेल्या तुकोबांना! एखाद्या कंपनीच्या तिसऱ्या मजल्यावर, थंडगार खोलीत, तीन साहेबांच्या पुढ्यात, घशाला कोरड पडलेली असताना कुणाला कसला साक्षात्कार होणार? पण जसजशी वर्षे गेली आणि शाळा सोडून गेलेली मुले पाच-सात वर्षांनी बायोडाटाचा कागद हातात घेऊन पुन्हा माझ्या ओसरीवर येऊ लागली, तसतसे त्या शब्दाला हसणे मी सोडून दिले. त्या थंडगार खोलीत देव भेटत नसेल. पण तरुण माणसाची स्वतःशी गाठ पडते ती बहुधा तिथेच, आणि तीही पहिल्यांदा. त्या आधी त्याची आणि त्याची स्वतःची साधी ओळखदेख नसेल, तर मात्र मोठी पंचाईत होते.

आपला 'मुलाखत' हा शब्द मूळचा अरबी. त्याचा अर्थ नुसता 'भेट'. इंग्रजीतला 'इंटरव्ह्यू' फ्रेंचमधून आला. त्याचाही अर्थ एकमेकांना पाहणे. म्हणजे शब्द घडवणाऱ्यांना नीट ठाऊक होते की ही दोन माणसांची भेट आहे. ते ठाऊक नसते फक्त आमच्या मुलांना. त्यांना ती तोंडी परीक्षा वाटते. आणि परीक्षा म्हटली की काय करायचे, हे आम्ही मास्तरांनी त्यांना दहा-बारा वर्षे इमानेइतबारे शिकवलेले असते: अपेक्षित प्रश्नसंच आणायचा, उत्तरे घोकायची, आणि पेपर सुटला की विसरून जायचे!

अशा तयारीने गेलेल्या मुलाची फजिती पहिल्याच प्रश्नाला होते. वास्तविक तो प्रश्न सगळ्यांत सोपा. समोरचे गृहस्थ पाण्याचा पेला पुढे सरकवतात आणि हसून म्हणतात, "जरा स्वतःविषयी सांगा." झाले! नाव, गाव, दहावीचे टक्के, बारावीचे टक्के, वडील काय करतात, आवड वाचनाची आणि संगीत ऐकण्याची. हे सारे समोरच्या कागदावर लिहिलेलेच असते. साहेब मान हलवतात आणि वाट पाहतात. उमेदवारही वाट पाहतो. पंखा फिरत राहतो.

याचे कारण शोधताना मला आमचे निबंधाचे तास आठवतात. आपल्या मराठी शाळेतल्या मुलाने काय काय लिहिलेले असते! फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त, नदीचे मनोगत, वठलेल्या झाडाची कैफियत, मोडक्या खुर्चीचे रडगाणे. सगळ्या निर्जीव वस्तूंच्या वतीने ही मुले वर्षानुवर्षे बोललेली असतात. फक्त स्वतःच्या वतीने बोलण्याची पाळी त्यांच्यावर कधी आलेली नसते. घरी पाहुणे आले आणि त्यांनी विचारले, "काय रे, काय करतोस सध्या?" की उत्तर आई देते. "लाजतो हो तो. यंदा शेवटचं वर्ष आहे त्याचं." पाहुण्यांचा दुसरा प्रश्न टक्क्यांचा. त्याचे उत्तर वडील देतात. चिरंजीव चकलीचा तुकडा मोडत उभे! एकवीस वर्षे ज्याच्याविषयी सगळे बोलले, पण जो स्वतः कधी बोलला नाही, त्याला एके दिवशी अनोळखी माणसांपुढे बसवून 'बोल' म्हटले तर तो बोलणार तरी काय?

म्हणून मुलाखतीच्या तयारीसाठी कुणी आले की मी पहिल्या दिवशी एकही प्रश्न विचारत नाही. त्याचा बायोडाटा घेतो आणि एकेका ओळीवर बोट ठेवतो. "ही ओळ तू लिहिलीस ना? मग हिच्यावर मला पाच मिनिटं बोलून दाखव." वाचनाची आवड लिहिली आहे? मग शेवटचे पुस्तक कोणते, ते का घेतले, कुठे कंटाळा आला? महाविद्यालयात प्रकल्प केला म्हणतोस? तो तुझ्या आजीला समजेल असा सांग. ज्या ओळीवर पाच मिनिटे बोलता येत नाही, ती ओळ खोडायची. या खटाटोपात कागद निम्मा होतो. पोरे घाबरतात. मी म्हणतो, बरे झाले. आता उरलेल्या अर्ध्या कागदावर खरे काहीतरी लिहायला जागा झाली.

हे खरे कुठून आणायचे, याचा धडा मला आमच्याच एका विद्यार्थिनीने दिला. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती. हुशार, पण चारचौघांत तोंडातून शब्द फुटायचा नाही. तिची आई तालुक्याच्या गावी जेवणाचे डबे देते. सकाळ-संध्याकाळ मिळून चाळीसएक डबे. बँकेत बदलून आलेले कारकून, आय.टी.आय.ची मुले, एस.टी.चे दोन-चार चालक-वाहक. या मुलीच्या कागदावर आईच्या व्यवसायापुढे शब्द होता 'गृहिणी', आणि कामाच्या अनुभवापुढे होती एक आडवी रेघ.

संध्याकाळी डबे भरायचे असल्यामुळे तिला घर सोडता येत नसे. म्हणून मीच त्यांच्याकडे जाऊन बसलो. बाहेरच्या खोलीत आम्ही दोघे, आणि आत तिची आई भाकरी थापत होती. मी विचारले, "हिशेबावरून कुणाशी वाद झाला तर तू काय करशील?" तिने पुस्तकातले उत्तर म्हणून दाखवले: मी शांत राहीन, वरिष्ठांचा सल्ला घेईन, वगैरे. मी म्हटले, "अगं, काय करशील ते राहू दे. कधी झाला होता का, ते सांग."

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "झाला होता की, सर. पण ते घरचं आहे."

"घरचंच सांग."

मग तिने सांगितले. एका गिऱ्हाइकाने महिनाअखेरीला पैसे कापून दिले. म्हणे, मी नऊ दिवस गावाला होतो. आईला आठवेना, त्यामुळे तिला गप्प बसावे लागले. पण ही पोर तेव्हा नववीत होती आणि तिला एक सवय होती. डबा गेला की भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या माणसाच्या नावाचे पहिले अक्षर लिहायचे. नाही गेला तर टिंब द्यायचे. तिने कॅलेंडर काढून त्या गृहस्थांपुढे धरले. टिंबे सहा होती. ती भांडली नाही, म्हणाली, "काका, सहा दिवसांचे आम्ही सोडतो, तिनांचे द्या." त्यांनी दिले. पुढच्या महिन्यापासून तिने प्रत्येक डब्याबरोबर एक पुठ्ठ्याचे कार्ड सुरू केले. दोन्हीकडे खूण करायची, म्हणजे वादच नको. गेली सहा वर्षे चाळीस डब्यांचा हिशेब तीच ठेवत होती. भाजीचे भाव चढले की डब्यामागे किती वाढवायचे, ते तीच ठरवत होती. आणि अनुभवापुढे आडवी रेघ!

ती सांगत असताना माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. आतला भाकरी थापण्याचा आवाज थांबला होता. तिचे सांगून झाल्यावर आई पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. माझ्याकडे बघून म्हणाली, "सर, एवढं सगळं ही बघत होती होय?" आणि मग पदराने डोळे टिपत पुन्हा आत गेली. त्या घरातले ते काम इतकी वर्षे चालले होते, त्यावर घर चालले होते. पण कुणी ते कधी कामासारखे काम म्हणून तोंडाने बोलले नव्हते. त्या रात्री कागदावरचा 'गृहिणी' हा शब्द त्या मुलीने स्वतःच्या हाताने खोडला.

नोकरीचे काय झाले, हे विचाराल. पहिल्या ठिकाणी 'कळवू' म्हणाले. ते अजून कळवायचे आहेत. दुसऱ्या ठिकाणी नाही म्हणाले. तिसऱ्या ठिकाणी घेतले. पण मला खरे विशेष वाटते ते हे की, दोनदा नकार आल्यावरही ती ओसरीवर रडत आली नाही. आपल्याजवळ काय आहे हे तिला समजले होते. ते कुणाला हवे आहे, एवढेच शोधायचे उरले होते.

हे केवळ माझे मास्तरी मत नव्हे. १९९८ साली फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी माणसे निवडण्याच्या पद्धतींवरचे ८५ वर्षांचे संशोधन एकत्र करून तपासले. इकडच्या-तिकडच्या गप्पा मारून माणूस जोखण्यापेक्षा, सगळ्यांना आधी ठरवलेले सारखेच प्रश्न विचारून, सारख्याच मापाने गुण देऊन घेतलेली मुलाखत अधिक खरी ठरते, असे त्यांना आढळले. म्हणून शहाण्या कंपन्या आता 'तुम्ही असे असे झाले तर काय कराल' एवढ्यावर थांबत नाहीत. 'असा प्रसंग तुमच्यावर कधी आला होता, तेव्हा तुम्ही काय केलेत' हेही विचारतात. या प्रश्नाला घोकंपट्टी चालत नाही. त्याला लागतात स्वतःच्या आयुष्यातले प्रसंग.

माझ्या मुलांना मी पाच प्रसंग जमवायला सांगतो. एखादे काम अडले आणि तुम्ही ते मार्गी लावलेत, तो एक. कुणाशी मतभेद झाला आणि तो मिटवलात, तो दुसरा. तिसरा, एखादी गोष्ट कुणी न शिकवता शिकलात, तो. चौथा, दहा जणांबरोबर मिळून काही केलेत, तो. मग ते गणेशोत्सवाच्या वर्गणीचे का असेना. आणि पाचवा, जमले नाही आणि त्यातून काही उमगले, तो. प्रत्येक प्रसंग दोन मिनिटांत सांगायचा: काय झाले होते, मी काय केले, शेवटी काय झाले. 'आम्ही केले' असे म्हणून लपायचे नाही, आणि दुसऱ्याचे काम आपल्या नावावर खपवायचेही नाही. हे पाच प्रसंग जवळ असले की पन्नास प्रश्नांना पुरतात. नसले, तर ते पाठ करून येत नाहीत. त्यासाठी आधी काहीतरी करावे लागते. म्हणून मी म्हणतो, मुलाखतीची तयारी पत्र आल्यावर सुरू करू नये. पहिल्या वर्षाला असतानाच एखादे काम हातात घ्यावे, मग ते ग्रंथालयाचे असो, खेळाच्या संघाचे असो, नाहीतर घरच्या दुकानाचे असो.

काही प्रश्नांची ठरीव उत्तरे मात्र बाजारात फार झाली आहेत. 'तुमच्यातला एखादा दोष सांगा' म्हटले की दहांतली नऊ मुले सांगतात, "मी कामात फार बुडून जातो, हाच माझा दोष!" असल्या दोषाचे कौतुक ऐकून साहेबांचे कान किटलेले असतात. त्यापेक्षा एखादा लहानसा खरा दोष सांगावा, आणि तो घालवण्यासाठी आपण काय करतो आहोत, ते सांगावे. शेवटी ते विचारतात, "तुम्हाला काही विचारायचं आहे?" आमची मुले जणू सुटलो अशा सुरात म्हणतात, "नाही सर." अहो, भेट आहे ना ही? मग विचारा की! पहिल्या सहा महिन्यांत माझ्याकडून काय अपेक्षा असेल, मला शिकवणार कोण, हे विचारणाऱ्या मुलाला खरोखर काम करायचे आहे, एवढे तरी समोरच्याला कळते. अर्थात त्यासाठी ती संस्था काय करते, हे आधी वाचून जायला हवे. साबण करणाऱ्या कारखान्यात जाऊन 'आपण काय बनवता' असे विचारले, तर मग देवच तारील!

आणि एखादी गोष्ट ठाऊक नसली तर? तर 'मला हे ठाऊक नाही' असे सरळ म्हणावे. या चार शब्दांची आमच्या मुलांना विलक्षण भीती. शाळेत आम्ही त्यांना रिकामी जागा सोडू नका, काहीतरी लिहा, असे सांगत आलो. तेच ती तिथे करतात. १९२१ साली थॉमस एडिसन आपल्याकडे नोकरी मागायला येणाऱ्यांना दीडेकशे प्रश्नांचा एक कागद देत असे. कुठली वस्तू कुठे पिकते, अमुक शहर कुठे आहे, असले प्रश्न! ते वर्तमानपत्रांत फुटले आणि साऱ्या अमेरिकेत त्यांची चर्चा झाली. त्याच वर्षी आइन्स्टाइन तिकडे गेला होता. कुणीतरी त्यालाच त्या कागदातला प्रश्न टाकला, ध्वनीचा वेग किती? तो म्हणाला, ते मला आता आठवत नाही. पुस्तकात मिळणाऱ्या गोष्टी मी डोक्यात वागवत नाही. आता ही मोकळीक आइन्स्टाइनला शोभते, तुमच्या-माझ्या मुलाला नव्हे, हे मला कबूल. आपल्या विषयातले मूळ त्याला यायलाच हवे. पण जे येत नाही ते येत नाही म्हणण्याचा सरळपणा दोघांना सारखाच शोभतो. थापा मारणाऱ्याला उगाच पुढचे तीन प्रश्न त्याच थापेवर येतात.

आपल्या देशातली सर्वांत दबदब्याची मुलाखत दिल्लीला धोलपूर हाऊसमध्ये होते. केंद्रीय लोकसेवा आयोगाची. नागरी सेवा परीक्षेच्या २०२५ गुणांपैकी १७५० लेखीचे आणि २७५ या भेटीचे. आयोग स्वतःच सांगतो की ही उलटतपासणी नव्हे. ते स्वाभाविक पण हेतुपूर्वक केलेले संभाषण आहे. माणसाचे विचार तर्कशुद्ध आहेत का, निर्णय समतोल आहे का, त्याच्या आवडीनिवडींना काही खोली आहे का, आणि तो सचोटीचा आहे का, हे तिथे पाहतात. ही मुलाखत मराठीतूनही देता येते. दुभाष्याची सोय असते. इंग्रजी नीट येत नाही म्हणून मान खाली घालणाऱ्या आमच्या खेड्यातल्या मुलांना मी हे मुद्दाम सांगतो. याचा अर्थ इंग्रजी शिकू नका असा नाही. बहुतेक खाजगी नोकऱ्यांत ते लागतेच. पण आधी काय म्हणायचे ते मराठीत स्वच्छ ठरले पाहिजे. मनात गोंधळ असला तर इंग्रजीत तो फक्त महागडे कपडे घालून बाहेर येतो! साधी, छोटी वाक्ये करावीत. रोज अर्धा तास मोठ्याने बोलावीत. मनातल्या मनात केलेली तयारी खोटी असते. ओठांना ते शब्द ठाऊकच नसतात. आरशापुढे बोलण्यापेक्षा माणसापुढे बोलावे. आरसा कधी मधेच 'म्हणजे काय?' असे विचारत नाही.

राहिल्या बारीकसारीक गोष्टी. कपडे नवे नसले तरी चालतील, स्वच्छ आणि आधी वापरलेले असावेत. नवा बूट मुलाखतीच्या दिवशीच चावतो. मूळ प्रमाणपत्रे आणि त्यांच्या दोन-दोन प्रती आदल्या रात्रीच एका पिशवीत क्रमाने लावाव्यात. लांबचे गाव असेल तर शक्यतो आदल्या दिवशीच पोचावे; एस.टी.ला उशीर झाला, हे कारण खरे असले तरी कुणाला ते खरे वाटत नाही. करोनाच्या २०२० सालापासून पुष्कळ मुलाखती संगणकावर किंवा मोबाइलवरच होऊ लागल्या. त्यात मुलाची तयारी वेगळी आणि घरच्यांची वेगळी! खिडकीचा उजेड तोंडावर यावा, पाठीमागून नव्हे. मोबाइल डोळ्यांच्या उंचीवर, पुस्तकांच्या चळतीला टेकून उभा करावा. घरच्यांनी तेवढी पंचेचाळीस मिनिटे कुकर लावू नये, आणि आजोबांनी मधेच येऊन 'कुणाशी बोलतोयस रे?' असे विचारू नये. आजोबांना हे आधी दोनदा सांगून ठेवावे.

इथे कुणीतरी अनुभवी गृहस्थ मान हलवून म्हणतील, "मास्तर, हे सगळं ठीक. पण वशिला असल्यावर तुमचे पाच प्रसंग काय कामाचे?" त्यांचे म्हणणे उडवून लावता येणार नाही. मुलाखतीच्या नावाखाली चिठ्ठ्याचपाट्या चालत, पैसे मागितले जात, म्हणूनच केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून आपल्या खालच्या श्रेणीच्या पदांसाठी मुलाखतच बंद केली. लेखी परीक्षेवर निवड व्हावी असे ठरवले. माझ्या मुलांतही असे आहेत, ज्यांना आत जाण्याआधीच जागा भरलेली होती. त्यांना मी कुठल्या तोंडाने सांगू की जग न्यायाचे आहे? एवढेच सांगतो की, वशिल्याने भरलेल्या जागा असतात, तशा खरोखर रिकाम्याही असतात. आणि कुठली कोणती हे बाहेरून कळत नाही. रिकाम्या जागेपुढे आपण बिनतयारीचे उभे राहिलो, असे होऊ नये. तेवढेच आपल्या हातात असते.

वशिला नसतानाही नकार येतोच. आठ जागा आणि पंचवीस माणसे असली, की सतरा जण परत जाणार, याला इलाज नाही. डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम यांनी आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे की, वैमानिक होण्याचे स्वप्न घेऊन ते डेहराडूनला हवाई दलाच्या निवड मंडळापुढे गेले. पंचवीस जणांत ते नववे आले. घ्यायचे होते आठ! मन खचले. तिथून ते हृषीकेशला गेले. मग दिल्लीला परतले, आणि १९५८ साली दुसऱ्या एका मुलाखतीतून मिळालेली, दरमहा २५० रुपये मूळ पगाराची सरकारी नोकरी त्यांनी धरली. काही वर्षांनी अग्निबाणांच्या कामासाठी त्यांची मुंबईला मुलाखत झाली. समोर विक्रम साराभाई होते. तुम्हाला आज काय येते, यापेक्षा तुमच्या हातून पुढे काय होऊ शकेल, याचा शोध साराभाई घेत होते, असे कलामांना जाणवले. नवव्या नंबरच्या त्या तरुणाचे पुढे काय झाले, ते सर्वांना ठाऊक आहे. पण मला वाटते, त्यातले घेण्यासारखे हे नव्हे की नापास झालेले सगळे राष्ट्रपती होतात! घेण्यासारखे एवढेच की, डेहराडूनच्या त्या मंडळाला एका विशिष्ट कामासाठी आठ माणसे हवी होती, आणि त्यांनी ती निवडली. त्यांनी कलामांच्या साऱ्या आयुष्याला गुण दिले नव्हते. नकार कामापुरता असतो. आपली मुले तो सबंध स्वतःला लावून घेतात, आणि मग दार लावून बसतात. अशी बंद दारे मी पाहिली आहेत. त्यांच्यापलीकडे बसलेली आई दिवसभर कुणाशी बोलत नाही, तेही पाहिले आहे.

म्हणून मला आपला 'उमेदवार' हा शब्द फार आवडतो. त्यात 'उमेद' आहे, म्हणजे आशा. जुन्या काळी कचेऱ्यांतून उमेदवार म्हणजे जागा रिकामी होण्याची वाट पाहत बिनपगारी काम शिकत राहणारा माणूस. त्याचे हाल व्हायचे, यात शंका नाही. पण तो नुसता वाट पाहत नसे, शिकत असे, हेही खरे. आजच्या उमेदवाराने बिनपगारी राबावे असे मी म्हणणार नाही. मात्र प्रत्येक मुलाखतीनंतर बाहेर येऊन, चहाच्या टपरीवर बसून, कोणते प्रश्न आले आणि कुठे अडलो, हे वहीत लिहून ठेवले, तर तोही शिकतच असतो. पाचव्या मुलाखतीला तो पहिल्या मुलाखतीतला मुलगा राहत नाही.

ही तयारी मुलाने करायची. पण एक तयारी घरच्यांनीही करायची असते. या दिवाळीत घराघरांतून भाचे-पुतणे फराळाला येतील. त्यांना टक्के विचारू नका, पगाराचा आकडा विचारू नका, आणि शेजारच्या मुलाला कुठे लागली तेही सांगू नका. 'यंदा काय केलंस रे? मला सांग ना,' एवढे म्हणा आणि गप्प बसा. तो आधी अडखळेल. आईला राहवणार नाही. तिला लाडवांचा डबा आणायला आत पाठवा. मग तो हळूहळू बोलू लागेल. कुणीतरी आपले ऐकते आहे, याची सवय माणसाला घरी लागली, तरच ती बाहेर उपयोगी पडते.

आणि मुलाखत देऊन तो संध्याकाळी घरी आला, की दारातच 'काय झालं?' असे विचारू नका. दिवसभर त्याला पुष्कळ जणांनी पुष्कळ विचारलेले असते. त्याला हातपाय धुऊ द्या. ताटात गरम काहीतरी वाढा. सांगायचे असेल ते तो सांगेलच. आपल्या शब्दांत, आपल्या वेळेला.